मोडण्यासाठी केलेलं धनुष्य

“वैनी, धनुष्य झालं असंल तर द्या. आबा देसायांनी बोलावलंय मला.”

बाजीभावजी पडवीच्या दारात हात पुढं करून उभे होते. मी खाली बसून धामणीच्या लाकडाच्या दांड्यावर कानस फिरवत होते. मान वर केली नाही.

“झालेलं नाही,” मी म्हटलं. “आणि झालं की देवळात मी नेऊन देईन.”

“तुमी?” ते हसले. “आन् बुवांच्या म्होरं मानाला बी तुमीच बसनार का काय?”

“ज्यानं केलं त्यानं बसायचं. रीत तीच आहे ना?”

“रीत सुताराची हाय वैनी. सुतारनीची न्हाई.”

हे माझे धाकटे दीर. कराडात एका फर्निचरच्या दुकानात कपाटांना पॉलिश मारायचे. भाऊ, म्हणजे माझे मालक, गेले तेव्हा दहाव्याला आले, आणि मग गेलेच नाहीत. लाकूड तासायचा वाकस हातात धरायचे तो टोपी धरल्यासारखा. पण पडवीतली हत्यारं मात्र येऊन मोजून गेले होते.

आमच्या खडकवण्याच्या रामाच्या देवळात नवमीच्या उत्सवात सीतास्वयंवराचं कीर्तन होतं. आख्यान रंगात आलं की बुवांच्या शेजारी सोंगं उभी राहतात, एक रावण, एक राम. रावणानं धनुष्य वाकवून बघायचं, त्याच्याच्यानं काही होत नाही, ते छातीवर घेऊन तो उताणा पडतो. मग राम उठतो, आणि बुवांच्या तोंडून शब्द निघाला रे निघाला की धनुष्याचे दोन तुकडे. तो आवाज ऐकायला वाड्यावस्त्यांवरून माणसं येतात. धनुष्य मोडलं की बुवा आपल्या गळ्यातला हार काढतात आणि ज्यानं धनुष्य घडवलं त्याच्या गळ्यात घालतात. ज्याच्या गळ्यात तो हार, तो गावचा सुतार. वर्षभर नांगर, कुळव, जोखडं, दारं, सगळं त्याच्या पडवीत येतं. हार दुसऱ्याच्या गळ्यात पडला तर त्या पडवीत मी कोण? दिराच्या भाकऱ्या थापणारी.

आणि धनुष्य मी करत होते. आजकालचं नव्हे. मालकांच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून. ते शेजारी बसून सांगायचे, मी करायची, आणि हार त्यांच्या गळ्यात पडायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. विद्या त्यांची होती. पण ते पावसाळ्यात गेले, आणि आता हा पॉलिशवाला हात पुढं करून उभा.

न मोडणारं धनुष्य कुणीही करील. हे मोडायचं असतं, आणि ते नेमक्या वेळी. आधी मोडलं तर आख्यान गेलं, मोडलंच नाही तर लाज गेली. म्हणून लाकूड धामणीचंच लागतं. धामण वेतासारखी लवते, आणि तुटली की कडाडते. दांडा करवतीनं कापायचा नाही, पाचर मारून रेषेरेषेनं उकलायचा. चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवायचा. मग तासायचा, गुडघ्यावर घेऊन थोडा थोडा वाकवायचा, कुठं ताठ राहतोय ते बघून तिथंच कानस लावायची. दोन्ही बाहू सारखे लवले की मग मर्माचं काम. मुठीजवळ एका अंगाला बारीक काप घ्यायचा, त्यात सागाची पातळ ढलपी बसवायची, वरून मेण आणि भुसा भरून घासून काढायचं. काप पोटाकडं ठेवून वाकवलं की तो मिटतो, धनुष्य धरतं. म्हणून रावणाच्या हातात तसं द्यायचं. रामानं ते फिरवून घ्यायचं. काप बाहेरच्या अंगाला आला की उघडतो, आणि मग ते ब्रह्मदेवालाही सांधता येत नाही.

रागात हत्याराला हात लावू नये असं म्हणतात. खोटं आहे. त्या आठवड्यात मी जेवढी चिडले होते तेवढी जन्मात चिडले नसेन, आणि माझी कानस एकदाही घसरली नाही.

संध्याकाळी आबा देसाई स्वतः आले. देवळाचे पंच. पडवीत बसले, पाणी घेतलं.

“गोदे, हट्ट करू नगंस.”

“हट्ट कसला आबा? गेल्या साली मालकांना चमचा धरवत नव्हता. धनुष्य कुणी केलं?”

“ते मला ठाव हाय की.”

“माझ्या हाताला फोड आले होते. तुम्ही बघितले होते. हळद लाव म्हणाला होतात.”

“बघितलं म्हंजे गावात दवंडी पिटायची व्हय?” आबांनी घोटभर पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. “हे बघ, तू सवाष्न असतीस तर येक डाव न्हवऱ्याच्या शेजारी बसीवली असती. आता रामनवमीच्या उत्सवात मोकळ्या कपाळाच्या बाईच्या गळ्यात हार घालायचा? लोक काय म्हनतील? बाजी बसंल. घरातलाच हाय. मान घरातच राहतोय न्हवं?”

“मग धनुष्यही बाजीनंच करावं.”

आबांनी भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “आडवून धरनार का मग? धर. कीर्तन न्हाई होनार. रामाचं कीर्तन गोदीनं बुडीवलं म्हनू आमी.”

इथं त्यांनी मला बरोबर पकडली. मी लहानपणापासून कीर्तनवेडी. माहेरी बापाच्या खांद्यावर बसून पहिलं कीर्तन ऐकलं ते अजून कानात आहे. चार अक्षरं शाळेत शिकले, बाकी सगळी बुवांच्या तोंडून. नरहरबुवा आष्टेकर उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, की माझी भूक-तहान जाते. मालक गेल्यावर कीर्तनाशिवाय मला दुसरं होतं काय? रामाचं कीर्तन मी बुडवीन? आबांना ते पक्कं माहीत होतं. माझ्या भक्तीला धरून माझं नाक दाबत होते. त्याचाच तर मला जास्त राग.

धनुष्य पुरं केलं. कापाच्या अंगाला गेरूचा ठिपका दिला. बाजीभावजी न्यायला आले तेव्हा हातात देताना सांगितलं, “भावजी, नीट ऐका. हा ठिपका रावणाच्या पोटाकडं. रामाच्या हातात उलटून द्यायचं. उत्सवाच्या दिवशी स्वतः बघून द्या.”

“मला शिकीवताय? सुताराच्याच पोटी आलोय.”

“शिकवत नाही. सांगते आहे.”

“ऱ्हाऊ द्या,” असं म्हणून ते धनुष्य खांद्यावर टाकून निघून गेले. जाताना शीळ घालत होते.

दशमीला दुपार कलल्यावर कीर्तन उभं राहिलं. देवळापुढं मांडव, खाली घोंगड्या. उजवीकडं पुरुष, डावीकडं आम्ही बायका. पुढच्या घोंगडीवर, मानाच्या जागी, बाजीभावजी. कडक इस्त्रीचं पांढरं धोतर, गंध कपाळभर. मी तिकडं बघायचंच नाही असं ठरवून बसले होते. पूर्वरंग झाला, बुवांनी नामाचं महत्त्व असं काही सोडवून सांगितलं की माझ्या मनातली तिडीक घटकाभर कुठं गेली कळलं नाही. बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, पेटीवाल्यानं सूर बदलला आणि आख्यान सुरू झालं. मिथिला नगरी, जनकाची सभा, देशोदेशीचे राजे. मग बुवांनी हात केला आणि आतून रावण आला.

रावण म्हणजे आमचा गिरणीवाला हणमंत. देहानं अस्सल रावणच, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, काजळाच्या मिशा. माझ्या मागची ठकूमावशी म्हणाली, “नाव हनमंत आन् काम रावनाचं. मेल्याला देव कुठं घेईल?” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

आणि मग बाजीभावजी उठले, आडोशाला गेले आणि धनुष्य घेऊन आले.

ते सोन्याचं झालं होतं. कराडहून सोनेरी रंग आणून त्यांनी ते टोकापासून टोकापर्यंत लखलखीत रंगवलं होतं, रंग बसावा म्हणून आधी घासलंही असणार. वर लाल जरीची फीत. लोकांनी “वा!” केलं. भावजींनी मान तुकवली.

माझा गेरूचा ठिपका गेला होता.

आता हाताला कळलं असतं ते फक्त माझ्या. मुठीजवळ नख फिरवलं की भरलेला काप लागतो. ह्या माणसाला ते कुठून कळणार? मी तशीच उठून उभी राहिले.

“भावजी! थांबा. बाजू बघून द्या!”

मांडव माझ्याकडं वळला. बाजीभावजींनी ऐकलं, मला दिसलं त्यांनी ऐकलं ते. त्यांनी तोंड फिरवलं.

“भावजी, उलटं असेल ते! मला हातात द्या एकदा!”

“ए गोदे!” आबा ओरडले. “खाली बस. कीर्तन चाललंय. येवढी बी लाज न्हाई?”

बुवा थांबले, आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गाणं पुढं सुरू केलं. ठकूमावशीनं माझा पदर ओढला. मी बसले. बसले, पण दातावर दात.

हणमंतानं धनुष्य घेतलं. एक टोक पायापाशी रोवलं, दोन्ही हातांनी वरचं टोक खाली ओढलं, बुवा रावणाच्या गर्वाचं वर्णन करत होते, वीस भुजांचं बळ, कैलास हलवणारा…

कडाड!

असा आवाज मालकांच्या धनुष्यालाही कधी आला नव्हता. मांडवावरचे कावळे उडाले. आणि एक तुकडा रावणाच्या हातात, दुसरा पायाशी.

तबला थांबला. हणमंताचा मुकुट कानावर आला होता. तो रडवेला होऊन म्हणाला, “बुवा, म्या काय बी केलं न्हाई. नुसतं धरलं हो!”

मागून कुणीतरी ओरडलं, “आता द्या सीता रावणाला!”

आणि सगळा मांडव फुटला. म्हातारेकोतारे हसून हसून खोकायला लागले. बाशिंग बांधून बसलेला आमचा राम, शिंप्याचा अनंता, इकडं तिकडं बघायला लागला. मला हसू आलं नाही. माझं कीर्तन होतं ते. बुवा चिपळ्या खाली घेऊन उभे होते.

आबा उठले. चेहरा लाल. “बाजी! हे काय?”

“म्या न्हाई!” बाजीभावजी मानाच्या जागेवरून टुणकन उठले. “म्या न्हाई केलं आबा! म्या फकस्त रंग दिला. वैनीनं केलंय! तिला इचारा!”

“गोदीनं केलंय व्हय?” आबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “तरीच! गोदीनंच केलंय ते. बाईच्या हातचं काम, दुसरं काय व्हनार?”

मी उठले. ह्या वेळी ठकूमावशीनं पदर धरला नाही. घोंगड्यांच्या मधून चालत मी पुढं गेले. पुरुषांच्या बाजूला गेले. आबांच्या समोर उभी राहिले.

“आबा, आत्ता काय म्हणालात?”

“काय म्हनलो?”

“धनुष्य कुणी केलं?”

“तूच केलंस. आन् कोन?”

“आणि गेल्या सालचं?”

आबांनी बाजीभावजींकडं बघितलं.

“भावजी, तुम्ही सांगा. गेल्या सालचं कुणी केलं? त्याच्या आदल्या सालचं? मोडलं की वैनीचं, आणि हार आला की तुमचा?”

बायकांच्या बाजूनं ठकूमावशीचा आवाज आला, “तूच केलंस गं! समद्यांस्नी ठाव हाय.” मग आणखी एकीचा. मग बऱ्याच जणींचा.

मी बुवांकडं वळले. हात जोडले. “बुवा, कीर्तन मोडू द्यायची नाही मी. दुसरा दांडा घरी वाळवून, तासून ठेवलेला आहे. एखादा ऐन वेळी चिरतो म्हणून दोन ठेवतो आम्ही. इथं बसून पुरा करते. पण आबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. आजवरची धनुष्यं कुणी केली ते त्यांनी ह्या मांडवात सांगावं.”

बुवांनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, “आबासाहेब, जनकाची सभा खोळंबली आहे.”

आबा पुटपुटले.

“मोठ्यानं,” मी म्हटलं.

“गोदीनं केली!” आबा गरजले. “समदी गोदीनं केली! झालं समाधान?”

“नाही,” मी म्हटलं. “पण दांडा आणते.”

घर देवळामागंच. दांडा, वाकस, कानस, बारीक करवत, मेणाचा गोळा, अंबाडीची दोरी, सगळं पदरात घेऊन आले आणि मानाच्या घोंगडीवरच बसकण मारली. बाजीभावजी सरकले. बुवांनी तबलेवाल्याला खूण केली. “रावणाने मोडले,” बुवा म्हणाले, “ते त्याच्या स्वतःच्या गर्वाचे धनुष्य. त्याला तेवढेच मिळाले होते. शिवाचे धनुष्य अजून यायचे आहे, श्रोते हो. ते घडते आहे.” आणि जनकाचा विलाप असा काही आळवला की हसणाऱ्यांचे डोळे भरले.

मी तासत होते. ढलप्या बुवांच्या पायाशी उडत होत्या. गुडघ्यावर घेऊन वाकवलं, कानस लावली, परत वाकवलं. काही वेळानं माझ्या ध्यानात आलं की तबला माझ्या कानशीच्या चालीवर वाजतोय. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण राग तर तसूभरही कमी झाला नव्हता. काप घेतला. ढलपी बसवली, मेण भरलं, एका टोकाला दोरी बांधली. उठून अनंताच्या हातात दिलं आणि त्याचा अंगठा काप लागेल तिथं टेकवला. “ही बाजू बाहेर,” म्हटलं. “शब्द ऐक. घाई करू नकोस.”

त्यानं घाई केली नाही. बुवांचा शब्द आणि तो कडाका ह्यांच्यात केसभर अंतर नव्हतं. जयजयकार झाला तो नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेला म्हणतात.

बुवांनी गळ्यातला हार काढला. माझ्यापर्यंत आले आणि थबकले. मागं कुजबुज सुरू झाली होती. बुवा म्हातारे, सोवळ्यातले, माझ्यावर माया करणारे, पण त्यांचेही हात अडखळले. हार माझ्या ओंजळीत द्यावा म्हणून त्यांनी हात खाली आणले.

मी ओंजळ केली नाही.

“बुवा, गळ्यात घाला,” मी म्हटलं. “हातात नको.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हार गळ्यात घातला, आणि कपाळाला बुक्का लावला. मोकळ्या कपाळाला. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांच्या बाजूला मी बघितलं नाही.

बाजीभावजी त्याच सांजेच्या गाडीनं कराडला गेले. रंगाचा डबा राहिला तो मी उकिरड्यावर फेकला.

चार-दोन दिवसांनी सकाळी पडवी झाडत होते. आबा देसाई दारात. मागं गडी, त्याच्या खांद्यावर कुळवाची मोडकी दांडी. आबांनी आत नजर टाकली, खाकरले.

“बाजी हाय का?”

“नाही.”

“मग… सुतारकामाला कोन हाय?”

मी केरसुणी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला, आणि वाकस हातात घेऊन पाटावर बसले. त्यांना बसा म्हटलं नाही.

“सुतार समोर बसलाय, आबा,” मी म्हटलं. “काय काम आहे ते त्याला सांगा.”

आबांनी एकदा मागं रस्त्याकडं बघितलं. मग गड्याला म्हणाले, “ठेव रं खाली.” आणि दांडी कुठून मोडली आहे ते मला दाखवायला वाकले.